उंबरावरचा बिबट्या

माझे डोळे जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नाही. आयुष्यभर इथे दक्षिण आफ्रिकेत, रुस्टेनबर्ग गावातल्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले. सुईत दोरा ओवून ओवून डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, शिवणाचा काही संबंध नाही, डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय, वयाचा आजार आहे. असो. आता असं झालंय की मी ज्याच्याकडे बघते तेच नाहीसं होतं आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी राहतं. सुनेकडे बघितलं की तिचं तोंड जातं आणि कानातले डूल तेवढे दिसतात. कधी कधी ही सोयच वाटते.

रडले नाही, कारण माझी तयारी होती. मुलगा आहे, सून आहे, नात आहे. ते बघतील, मला सांगतील, आणि मी मानेन. आंधळ्याला काठी लागते, मला घरातच तीन मिळाल्या होत्या. फक्त एक गोष्ट मला माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती, आणि ती पुढच्या हिवाळ्याच्या आत. बिबट्या.

माझं माहेर बाट्लोक्वा जमातीचं. आमचं देवक बिबट्या, आमच्या भाषेत न्क्वे. माहेरची माणसं भेटली की अजून मला नावानं हाक मारत नाहीत, "काय न्क्वे, बरी आहेस ना?" असंच विचारतात. त्याला मारायचं नाही आणि त्याची खोटी शपथ घ्यायची नाही, हे आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. जुनी माणसं तर म्हणायची की ज्याचं देवक त्यानं ते बघूही नये, डोळे बिघडतात. मी म्हटलं, डोळे जायचेच आहेत, आता कसली भीती. लग्न करून मी मगरीच्या कुळात आले. मुलं बापाच्या देवकाची, म्हणून माझा मोलेफी मगर. सून दिनेओ कुठली ते मी अजून नीट विचारलेलं नाही. तिचं सगळं देवक तिच्या फोनमध्ये आहे.

आम्हा काळ्यांना हव्या त्या कॅम्पात खोली मिळायला लागली, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यापासून मी आणि मोलेफीचा बाप या अभयारण्यात येत आलो. तो गाडी चालवायचा, मी मांडीवर चहाची बाटली घेऊन बसायचे. सिंह बघितले, रानकुत्री बघितली, चित्त्याची पिल्लं रस्त्यात लोळताना बघितली. बिबट्या मात्र माझ्यासाठी उंबराचं फूल. पुढच्या गाडीला दिसायचा, मागच्या गाडीला दिसायचा, आणि आमची गाडी पोचेपर्यंत नुसतं गवत हलत असायचं. नवरा म्हणायचा, "तू माहेरवाशीण आहेस, तुला बघितलं की काहीतरी मागायला आली असं वाटून पळतो तो." तो गेला. बिबट्या काही आला नाही.

कॅम्पाच्या कचेरीबाहेर पत्र्याचा मोठा फळा आहे, त्यावर रस्त्यांचा नकाशा. ज्याला जे दिसलं त्याचं रंगीत चुंबक त्यानं त्या जागी लावायचं. सिंहाचं लाल, हत्तीचं करडं, बिबट्याचं निळं. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक उघडायच्या आधी माणसं तो फळा बघून रस्ता ठरवतात. त्यावर कुणाचा पहारा नसतो. सगळं माणसाच्या शब्दावर चालतं. आमच्या घरचा नियम तर त्याहून कडक होता: ज्यानं स्वतः, खात्रीनं पाहिलं त्यानंच चुंबक लावायचं. एकदा नवऱ्याला एकट्याला चित्ता दिसला आणि मला वाटलं तो कोल्हा असावा. त्यानं दोन घास कमी खाल्ले, पण चुंबक लावलं नाही. म्हणाला, "कुणाची तरी पहाट वाया जाईल." असा माणूस होता. चिडका होता, पण असा होता.

यंदा दिनेओनं सगळं ठरवलं. वर्ष आधी खोली धरली, गाडीत पुढची सीट मला दिली, येताना वाटेसाठी मागविन्या म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आणि उकडलेली अंडी घेतली. मी मनातल्या मनात तिला चार गुण जास्त दिले. पहिला दिवस झेब्रे आणि हरणांत गेला. संध्याकाळी शेकोटीशी मोलेफी म्हणाला, "म्मा, उद्या नक्की." मी म्हटलं, "तुझा बाप पण दर वर्षी हेच म्हणायचा." तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीनं बोटं आखडली होती. गुडघ्यावर घोंगडी घेऊन मी बसले होते आणि गाडी कोरड्या नदीच्या काठानं हळूहळू चालली होती. एका वळणावर मोलेफीनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

"म्मा," तो कुजबुजला, "हलू नको. वर बघ. उंबराच्या डाव्या आडव्या फांदीवर."

मी बघितलं आणि अर्थातच फांदी नाहीशी झाली. मान तिरकी केली, मग उलटी तिरकी केली. कडेकडेनं काहीतरी पिवळं लागत होतं. ऊन होतं की कातडी, देव जाणे.

"कुठे रे?"

"झोपलाय म्मा," दिनेओ मागून म्हणाली आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. "पुढचे पाय दोन्ही बाजूंना सोडलेत बघा. पोट भरलेलं दिसतंय."

माझी नात लोरातो सात वर्षांची, मला कोको म्हणते, म्हणजे आजी. एरवी तिची टकळी बंद होत नाही. माकड दिसलं तरी अख्ख्या जंगलाला सांगते. ती गप्प होती. मी विचारलं, "लोरातो, तुला दिसतोय का गं?"

जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, "हो कोको. शेपूट दिसतंय."

तरी मी शिंपीणच, माप दोनदा घेतल्याशिवाय कापड कापत नाही. म्हटलं, "मोलेफी, शपथ घे."

"म्मा, तुझ्या देवकाची शपथ. न्क्वेच आहे."

मग मी डोक्याचा रुमाल सोडला. थोरांपुढे करतात तसे तळहात हलके जुळवून वाजवले, आणि माझे वडील म्हणायचे ते सगळं म्हटलं: ठिपकेवाल्या, बापाच्या बापा, आमची गुरं सोडून शेजाऱ्याची खाणाऱ्या, तुझी लेक आली आहे, तिला ओळख. लहानपणानंतर मी ते कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. शब्द सगळे होते तिथेच होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ते पिवळं जे काही होतं ते मला बिबट्याच दिसायला लागलं. त्याची शेपटी हलली असंही मला वाटलं.

तेवढ्यात बाजूला एक गाडी येऊन थांबली. काच खाली झाल्याचा आवाज आला. इथली रीतच आहे, थांबलेल्या गाडीला विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मोलेफी त्याच्या बाजूच्या खिडकीतून हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला. आणि ती गाडी निघून गेली.

माझ्या डोक्यात तेव्हाच टोचलं. बिबट्या टाकून कोण जातं? बिबट्या दिसला की गाड्यांवर गाड्या चढतात, माणसं खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकतात, रस्ता मोकळा व्हायला दुपार होते. पण मी ते टोचणं बाजूला सारलं. म्हटलं, घाईत असतील. माणसाला जे हवं असतं त्याच्यासाठी तो स्वतःशीच वकिली करतो.

दुपारी कॅम्पात परतल्यावर मी सरळ फळ्याकडे गेले. मोलेफी म्हणाला, "राहू दे म्मा, दमली असशील." मी म्हटलं, "दमायला काय झालं? आयुष्यात पहिल्यांदा निळं लावतेय." मान वाकडी करून रंग ओळखला, बोटांनी नदीची रेघ चाचपली आणि वळणावर चुंबक ठेवलं. भोवती चार माणसं जमली. एका तरुण जोडप्यानं विचारलं, नेमकं कुठे? मी सगळं सांगितलं: उंबर, डावी आडवी फांदी, पोट भरलेला, पाय सोडलेले. शेपूट सुद्धा सांगितलं. ते आभार मानून पळतच गाडीकडे गेले. माझ्या कडेला दिनेओचे डूल दिसत होते. ते हलत नव्हते.

संध्याकाळी मी खरकटी भांडी घेऊन सामायिक मोरीवर गेले. भांडी मला दिसावी लागत नाहीत, हाताला कळतात. शेजारच्या नळावर हेस्टर होती. गोरी, माझ्याच वयाची, नवऱ्याबरोबर दर हिवाळ्यात येते. आम्हा दोघींची ओळख या मोरीपुरतीच, पण ती बरीच जुनी आहे.

"आमचा म्हातारा आज नुसता धुमसतोय," ती म्हणाली. "कुणीतरी वात्रट पोरानं फळ्यावर खोटा बिबट्या लावला. नदीच्या वळणावर. अख्खी दुपार गाड्यांची रांग तिथे. बघतात काय तर झाड."

मी म्हटलं, "उठून गेला असेल. बिबट्या काय पगारावर बसतो?"

"अगं, नव्हताच. आम्ही सकाळी तिथूनच गेलो ना. एक पांढरी गाडी थांबली होती, म्हाताऱ्यानं विचारलं काय आहे. मुलगा म्हणाला, काही नाही, आईला जरा डुलकी लागलीय म्हणून थांबलोय. आम्ही वरही बघितलं. उन्हात वाळलेला पाला होता एका फांदीला."

नळ चालू होता. मी तो बंद केला.

"हेस्टर, ती पांढरी गाडी आमची," मी म्हटलं. "आणि ते चुंबक मी लावलं."

मग माझ्या हातातली कढई घेऊन तिनं धुतली, पुसली, आणि माझ्या भांड्यांत ठेवून दिली. तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि ते बरंच झालं.

मी शेकोटीकडे आले. मोलेफी सॉसेज उलटत होता, दिनेओ मक्याच्या पिठाचं पाप घोटत होती, लोरातो काटकीनं राख उकरत होती. मी बसले नाही.

"झाडात काय होतं?"

चरबी निखाऱ्यावर पडून चरचरली. तेवढंच उत्तर मला पुरलं असतं, पण मला ते माणसांच्या तोंडून हवं होतं.

"मोलेफी. काय होतं?"

"म्मा," तो म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं गं. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू. पुढच्या वर्षी... आणि तू किती खूश झालीस. तुला इतकं खूश मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं."

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला माझाच मुलगा मिळाला. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"म्मा, कल्पना माझी होती," दिनेओ म्हणाली. "त्यांना बोलू नका. वाटलं, दिसलं काय, न दिसलं काय, समाधान तर मिळेल."

"समाधान? मी एका वाळलेल्या पाल्यापुढे रुमाल सोडला, दिनेओ. माझ्या बापाचे शब्द पाल्याला म्हटले. तुम्ही मागे बसून ऐकत होतात. हसू आलं का?"

"नाही हो म्मा." तिचा आवाज फुटला. "मी रडत होते."

मोलेफीही डोळे पुसत होता, हाताच्या उलट्या बाजूनं, लहानपणी पुसायचा तसेच. एरवी माझं काळीज हललं असतं. त्या वेळी माझ्या मनात आलं ते मी बोलूनही टाकलं: "मगरीच्या कुळातला आहेस, अश्रूंना काय तोटा." हे बोलायला नको होतं असं मला अजून वाटत नाही.

"म्मा, तू खोटं कधी बोललीच नाहीस का?" तो म्हणाला. आता त्याचा आवाजही चढला होता. "बाबा आजारी होते तेव्हा त्यांना काय सांगायचीस? रंग बरा दिसतोय, म्हणायचीस."

"म्हणायचे. आणि ते मला म्हणायचे, चल खोटारडे. त्यांना दिसत होतं, मोलेफी. भिंतीवर आरसा होता. मला आरसा तुम्ही होतात. डोळे जाताहेत ते जाऊ देत. मी त्याला तयार होते, कारण मनात पक्कं होतं की तुम्ही जे सांगाल ते तिथे असेल. एवढ्या एका गोष्टीवर मी म्हातारपण टेकवलं होतं. आता तू भाताला भात म्हणालास तरी मी बोट बुडवून बघेन. आणि त्या पोरीला तुम्ही शेपूट शिकवलंत."

लोरातोनं काटकी खाली टाकली. मी जेवले नाही.

अंधार पडायच्या आत मी फळ्याकडे गेले. दोन-तीन माणसं उद्याचा रस्ता ठरवत होती. मी बोटांनी नदीचं वळण शोधलं, निळं चुंबक काढलं आणि खालच्या डबीत टाकलं. एक बाई म्हणाली, "अहो मावशी, ते बिबट्याचं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे. माझंच होतं." आणखी काही विचारायच्या आत मी तिथून निघाले. उद्या निदान कुणाची पहाट वाया जाणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढची सीट माझीच होती. थोड्या वेळानं मोलेफीनं गाडी थांबवली. पुढून फांद्या मोडल्याचा कडाकड आवाज येत होता, शेणाचा गरम वास काचेतूनही येत होता. रस्त्यावर घराएवढं काहीतरी उभं होतं. ते घालवायला माझ्या डोळ्यातला डागही पुरेना, कडांनी राखाडी उरतच होतं.

"हत्ती आहे म्मा," मोलेफी म्हणाला.

समोरून मागे मागे येणारी एक गाडी आमच्या शेजारी थांबली. मी काच खाली केली आणि त्या चालवणाऱ्याला विचारलं, "काय हो, पुढे काय आहे?"

तो माणूस एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत असावा. "मावशी," तो म्हणाला, "हत्ती आहे. हा काय, समोरच. दिसत नाही का?"

"मला दिसत नाही, म्हणून विचारलं. खात्री करून घेतली." मी काच वर केली.

मोलेफीचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले मला कडेनं दिसले. त्याला लागलं, हे मला कळलं, आणि लागावं म्हणूनच मी ते केलं होतं. हत्ती सावकाश बाजूला झाला. त्याचं जाणं मी मोडक्या फांद्यांच्या आवाजावरून मोजलं, मुलाच्या शब्दावरून नाही.

फाटकाकडे जाणारा रस्ता नदीच्या त्याच वळणावरून जातो. वळण आलं हे उतारावरून कळलं. मोलेफीनं गाडी पळवली.

"थांबव," मी म्हटलं.

"म्मा, कशाला आता?"

"थांबव."

त्यानं थांबवली. इंजिन बंद केलं. मी मान वर केली, तिरकी केली. उंबर नाहीसा झाला, भोवतीचं आभाळ राहिलं. त्यात ते पिवळं होतं, कालच्याच जागी. मला ते अजून बिबट्याच दिसत होतं, हे सगळ्यात वाईट. काल जे पाहिलं ते पुसून टाकायला मला जमत नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं त्यांना विचारता येत नव्हतं.

"झाडात काय आहे?" मी विचारलं. कुणाला विचारलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

मागच्या सीटवरून लोरातो पुढे सरकली, तिची हनुवटी माझ्या खांद्याला टेकली. तिनं कुणाकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही.

"काही नाहीये, कोको," ती म्हणाली. "नुसतं झाड आहे. एका फांदीचा पाला वाळलाय. काल पण एवढंच होतं."

मी पुन्हा वर बघितलं. हळूहळू त्या पिवळ्यातून पाय गेले, पोट गेलं, शेपूट गेलं. पाला राहिला.

"आता दिसलं," मी म्हटलं. "लोरातो, पुढे ये. माझ्या मांडीवर बस, आणि फाटकापर्यंत काय काय दिसतं ते सांगत राहा. काही नसेल तर काही नाही म्हण."

ती दोन सीटांच्या मधून पुढे आली. मी घोंगडी तिच्याही पायांवर ओढली. मोलेफीनं गाडी सुरू केली, आणि त्याच्याकडे न बघता मी लोरातोला घट्ट धरून बसले.

"काही नाही," लोरातो म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "अजून काही नाही."